रायफलची नवी नळी: पहिली गोळी झाडण्याआधीची तपासणी

नव्या नळीतला दोष पहिली गोळी सुटण्याआधी दाखवला, तर विक्रेत्याला तो टाळता येत नाही. दोनशे गोळ्या झाडून मग दाखवला, की ‘तुम्ही साफसफाई नीट केली नाही’ हे उत्तर ठरलेलं. म्हणून नळी घरी आल्यावर एक अख्खी सकाळ तपासणीला द्यावी. तपासणीचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी स्वच्छता, मग हाताला लागणारा अंदाज, मग कॅमेरा आणि शेवटी निशाणावरची चाचणी. बहुतेक जण कॅमेऱ्यापासून सुरुवात करतात. मग पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक रेघेला घाबरून चांगली नळी परत पाठवतात, आणि ज्या नळीत खरा दोष आहे ती ठेवून घेतात.

सोलापुरात नेमबाजी शिकणाऱ्यांच्या हातात प्रामुख्याने दोन प्रकार येतात: ४.५ मि.मी.ची एअर रायफल आणि .२२ लाँग रायफल काडतुसाची स्मॉल बोअर. हा लेख त्यांच्यासाठी आहे. पीकसंरक्षणाच्या परवान्यावर .३१५ बाळगणाऱ्यांनाही तपासणीची हीच पद्धत लागू पडते, मोजमापं तेवढी वेगळी.

कायद्याची बाजू आधी

शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही ‘शस्त्र’च आहेत. त्यामुळे .२२ ची सुटी नळीसुद्धा कायद्याच्या नजरेत शस्त्र ठरते. त्याच कायद्याच्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती आणि चाचणी करायलाही परवाना लागतो. चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टर्नर कितीही कसबी असला, तरी नळी त्याच्या लेथवर चढवायची नाही. तुम्ही परवानाधारक असाल तर स्वतःची नळी स्वतःच्या साधनांनी घरी बघा. कापण्या-घासण्याचं कोणतंही काम परवानाधारक गनस्मिथकडे. ४.५ मि.मी. बोअरची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याच्या अटीत येत नाही, त्यामुळे तिच्या बाबतीत ही अडचण नाही.

नळीवरचा क्रमांक बिलाशी आणि परवान्यातल्या नोंदीशी अक्षर-अक्षर जुळवा. अंक पुसट, घासलेला किंवा दुबार ठोकलेला वाटला तर ती नळी ताब्यातच घेऊ नका. क्रमांक खोडलेलं शस्त्र ताब्यात सापडलं, तर कलम ८ प्रमाणे तो तुम्हीच खोडला असं गृहीत धरलं जातं, आणि तसं नाही हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. नोंदीत चूक निघाली तर शहरात पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय, तेही त्याच आठवड्यात.

साधनं

एकसंध, प्लास्टिकचा लेप असलेली किंवा कार्बन फायबरची सळई, तिच्या टोकाला पितळी जॅग (पुसायचं कापड धरणारं टोक) आणि मूठ बेअरिंगवर फिरणारी. सळई ब्रीचच्या, म्हणजे नळीच्या गोळी भरायच्या मागच्या टोकाच्या, बाजूने सरळ आत जावी म्हणून बोअर गाइड. जोडाजोडाची अ‍ॅल्युमिनियमची सळई वापरू नका. तिच्या सांध्यांच्या कडा नळीला लागतात आणि मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतलेली धूळ पॉलिश पेपरसारखं काम करते.

पॅचसाठी, म्हणजे नळी पुसायच्या कापडी तुकड्यांसाठी, चार-पाच वेळा धुतलेलं मांजरपाट उत्तम. .२२ साठी साधारण २० मि.मी. आणि एअर रायफलसाठी १५ मि.मी. चौकोन कापा. सोलापूरचा टेरी टॉवेल घरोघरी असतो, पण तो टेबलावर अंथरायला ठेवा. त्याच्या फाशांचे धागे नळीत तुटून राहतात आणि कॅमेऱ्यात ते हुबेहूब चिरेसारखे दिसतात.

०.००१ मि.मी. वाचणारा मायक्रोमीटर, १० पटीचं भिंग, चांगली टॉर्च, कानात घालायच्या कापसाच्या काड्या आणि मऊ शिसं. शिशासाठी लांब जायची गरज नाही. उजनीच्या काठावर मासेमारीच्या जाळ्यांना लावायचं शिसं मिळतं, त्यातलं नखाने ओरखडा पडेल इतकं मऊ निवडा. टायर बॅलन्सिंगची वजनं घेऊ नका. त्यांत शिसं असलंच तरी अँटिमनी मिसळलेलं असतं, ते कडक पडतं.

कॅमेरा घेताना जाडी बघा. बाजारात मोबाइलला लावायचा सर्वांत सहज मिळणारा एंडोस्कोप ५.५ मि.मी. जाडीचा असतो आणि .२२ नळीच्या आतल्या पिळाच्या खाचांमधल्या (रायफलिंगच्या) समोरासमोरच्या उंचवट्यांमधलं अंतरच सुमारे ५.५ मि.मी. असतं. तो आत अडकेल. जेमतेम ३.९ मि.मी.चा आणि बाजूला बघणारा आरसा असलेला घ्या. नुसता समोर बघणारा कॅमेरा भिंतीवरचा दोष तिरका आणि ताणून दाखवतो, त्यावरून निर्णय करता येत नाही.

मोजमाप आणि सोलापूरचा उन्हाळा

मोजमापाचं जगमान्य तापमान २० अंश सेल्सिअस आहे आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. शिसं पोलादाच्या साधारण अडीचपट प्रसरण पावतं. खोली ४० अंशांवर असेल तर साडेपाच मि.मी.च्या शिशाच्या तुकड्याचं माप पोलादी मायक्रोमीटरवर सुमारे ०.००२ मि.मी. जास्त येतं. फरक छोटा वाटतो, पण आपण शोधतोय तो दोषही पाच-दहा हजारांश मि.मी.चाच असतो. उपाय सोपा आहे. नळी, मायक्रोमीटर आणि शिसं रात्रभर एकाच खोलीत, एकाच टेबलावर राहू द्या आणि सकाळी सातच्या आत मोजा. मायक्रोमीटर मुठीत धरून बसू नका, तळहाताच्या उबेनेही काटा सरकतो. एसीच्या खोलीतून पावसाळ्यात बाहेर आणलेल्या नळीवर दव धरतं, म्हणून तिला आधी एक तास तसंच ठेवा.

पायरी पहिली: रिकामी आणि स्वच्छ

बोल्ट (नळीचं मागचं टोक बंद करणारा दांडा) बाहेर, मॅगझिन बाहेर, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. एअर रायफल असेल तर सिलिंडरची हवा उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे सोडून तो वेगळा काढा. स्प्रिंगची असेल तर कॉक केलेली नाही याची खात्री करा. हे झाल्यावरच डोळा नळीजवळ न्या.

नवी नळी गंजरोधक ग्रीस किंवा तेल भरून येते. .२२ मध्ये सॉल्व्हंटने ओला केलेला पॅच ब्रीचकडून तोंडाकडे एकदाच न्या, तोंडाबाहेर पडला की काढून टाका, मागे ओढू नका. असे तीन-चार, मग दहा मिनिटं थांबा, मग कोरडे पॅच पांढरे निघेपर्यंत. एअर रायफलमध्ये कोरडे पॅच किंवा फेल्टच्या गोळ्याच वापरा. स्प्रिंग-पिस्टन रायफलच्या नळीत तेल राहिलं तर पिस्टनच्या दाबाने ते पेट घेतं. पहिले पाच-दहा शॉट त्यामुळे उगाच वेगवान आणि विस्कळीत जातात, शिवाय सीलही खराब होतं.

पहिले दोन पॅच फेकू नका. पांढऱ्या कागदावर पसरून टॉर्च तिरकी धरा. करडा-काळा मळ हे तेल आणि बारीक धूळ, त्याची चिंता नको. सुईच्या टोकाएवढे चकाकणारे कण दिसले तर कागदाखालून चुंबक फिरवा. हलले तर तो पोलादाचा कीस. दोन-चार कण म्हणजे कारखान्यात धुलाई घाईत झाली, एवढंच. पण सहाव्या-सातव्या पॅचवरही कीस येत राहिला, तर आत कुठे तरी बर (कापताना राहिलेली धातूची टोकदार कड) सुटते आहे. ते लिहून ठेवा, कॅमेऱ्याच्या पायरीत तीच जागा शोधायची आहे.

पायरी दुसरी: बाहेरून

नळी टॉवेलवर ठेवा आणि बाहेरून बोटाने चाचपा. खोल ठोकलेलं नाव किंवा चिन्ह, साइटसाठी कापलेली डव्हटेलची खाच आणि तोंडाला पाडलेले आटे या तीन जागा लक्षात ठेवा. बाहेर ठोकलेल्या खोल शिक्क्याच्या बरोबर खाली आतला व्यास आवळलेला सापडू शकतो. डव्हटेल किंवा आटे कापले की उलट घडतं. बटन रायफलिंगमध्ये पोलाद दाबून खाचा उमटवलेल्या असतात, त्यामुळे धातूत ताण राहतो. तो ताण उष्णतेने नीट घालवला नसेल आणि मग बाहेरून धातू काढला, तर त्या जागी नळी आतून किंचित उमलते. तोंडाला आटे पाडलेल्या स्वस्त नळ्यांचा सर्वांत वाईट दोष हाच, कारण व्यास नेमका तोंडाशीच सैल होतो.

तोंडाशी भिंतीची जाडी चारही बाजूंनी सारखी आहे का, हे व्हर्निअर आत घालून मोजू नका. जबड्याने क्राउनला, म्हणजे नळीच्या तोंडाच्या कडेला, ओरखडा पडला तर नसलेला दोष तुम्हीच निर्माण कराल. नळीचं तोंड बरोबर समोरून, दोन-अडीच फुटांवरून झूम करून फोटोत घ्या आणि पडद्यावर कड्याची रुंदी चार ठिकाणी मोजा. जवळून काढलेला फोटो तिरका पडतो. थोडा फरक सगळ्याच नळ्यांत असतो, कारण लांब ड्रिल जाताना थोडं भरकटतंच. एक बाजू नजरेला सहज जाड दिसत असेल तरच नोंद करा.

पायरी तिसरी: उजेडाची रेघ

नळी सरळ आहे का, हे बघायची ही जुन्या कारागिरांची रीत आहे आणि तिला एक पैशाचं साधन लागत नाही. ब्रीचकडून आत बघा. नळीचं तोंड खिडकीच्या आडव्या चौकटीकडे असू द्या. चौकटीची सावली नळीच्या भिंतीवर एका लांब निमुळत्या पट्टीसारखी पडते. त्या पट्टीच्या कडा सरळ धावल्या पाहिजेत. कुठे गुडघा मोडल्यासारखी कड वळली तर नळी हळूहळू गोल फिरवा. वळण नळीबरोबर फिरलं तर नळी वाकडी. जागेवरच राहिलं तर तो उजेडाचा खेळ. रायफलिंगमुळे सावली थोडी कातरलेली दिसते, पण सवयीने दुसऱ्या-तिसऱ्या वेळी नजर बसते. वाहतुकीत आपटलेली नळी बहुधा तोंडाकडच्या तृतीयांशात वाकलेली असते.

अगदी किंचित वाक असलेली नळीही चांगली मारते, हे इथे सांगायला हवं. वाकामुळे निशाण एका बाजूला सरकतं आणि ते साइटने भरून काढता येतं. नळी तापल्यावर निशाण चालत राहिलं, तर मात्र अडचण.

पायरी चौथी: शिशाचा तुकडा

सगळ्या तपासणीत हिला सर्वांत जास्त वेळ द्या. .२२ लाँग रायफलच्या नळीत खाचांच्या तळाशी व्यास सुमारे ५.६४ मि.मी. आणि उंचवट्यांवर सुमारे ५.५१ मि.मी. असतो. काचेच्या दोन सपाट तुकड्यांमध्ये शिसं लाटून ५.७ मि.मी. जाडीची कांडी करा आणि तिचे ६ ते ८ मि.मी. लांबीचे तीन तुकडे पाडा. मोठ्या चिमट्यात दाबून केलेले तुकडे लंबवर्तुळाकार होतात, लाटलेलेच घ्या. काडतुसं फोडून त्यांची गोळी काढायची कल्पना डोक्यात आणू नका. नळीलाही तेलाचा एक हलका पॅच द्या. कोरड्या नळीत शिसं चिकटतं आणि तो चिकटपणा तुम्हाला आवळपणा वाटतो.

पहिला तुकडा ब्रीचकडून आत घालून चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) टोकापर्यंत न्या आणि सळईने रायफलिंगमध्ये बसवा. सुरुवातीला सळईच्या मुठीवर हलकी थाप लागेल, त्यानंतर हाताच्या जोराने तो सरकला पाहिजे. आता सळई एकाच संथ वेगाने ढकला, पूर्ण लांबीला एक मिनिट लागलं तरी चालेल. थांबू नका. थांबून पुन्हा ढकलताना लागणारा जादा जोर म्हणजे आवळ जागा नव्हे. सळईवर दर २५ मि.मी.वर आधीच चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवल्या, तर कुठे काय जाणवलं हे लगेच लिहिता येतं. दुसऱ्या माणसाने वहीत लिहावं, ढकलणाऱ्याने डोळे मिटून नुसतं सांगावं.

चांगल्या नळीत विरोध शेवटपर्यंत एकसारखा असतो किंवा तोंडाकडे जाताना किंचित वाढत जातो. अचानक आवळून मग सैल होणं म्हणजे आवळ जागा. शिक्क्याच्या खाली असं लागलं तर कारण स्पष्टच आहे. यापेक्षा वाईट म्हणजे सैल जागा. सळई हातातून पुढे निसटल्यासारखी होते. गोळी मागच्या अरुंद भागात दाबली जाऊन बारीक होते आणि पुढच्या सैल भागात तिला खाचांची पकड उरत नाही. .२२ ची गोळी शिशाचीच असल्यामुळे हा दोष इथे फार नडतो. सैल जागा तोंडापासून ५०-७५ मि.मी.च्या आत असेल तर नळी परत.

दुसरा तुकडा फक्त तोंडातून २५ मि.मी. आत घाला आणि ब्रीचकडून सळई घालून बाहेर काढा. हा तुकडा क्राउनवर हातोडीने ठोकू नका, लाकडी ठोकळा मध्ये ठेवा. तिसरा तुकडा ब्रीचकडून रायफलिंगमध्ये २५ मि.मी. नेऊन तोंडाकडून परत ढकला. तिघांचे व्यास मोजा. पूर्ण लांबी पार केलेला तुकडा नळीतल्या सर्वांत अरुंद जागेचं माप घेऊन येतो. तो तोंडातल्या तुकड्याएवढाच असेल, तर तोंडाहून अरुंद जागा मध्ये कुठेही नाही, म्हणजे उत्तम. तो तोंडातल्या तुकड्याहून बारीक निघाला, तर मध्ये कुठे तरी नळी आवळलेली आहे आणि तोंडाशी ती सैल आहे. मॅच दर्जाचे नळी उत्पादक आतला व्यास ०.००२५ मि.मी.च्या आत सारखा ठेवल्याचं सांगतात. सरावाच्या साध्या नळीत ०.०१ मि.मी. पर्यंतचा फरक खपवून घ्यावा, फक्त तो तोंडाकडे सैल होणारा नको.

खाचा मोजून घ्या. चार, सहा किंवा आठ असतील तर सपाट जबड्याच्या मायक्रोमीटरने समोरासमोरचं माप मिळतं. पाच असतील तर खाचेसमोर उंचवटा येतो आणि सपाट जबडा माप कमी दाखवतो. त्यासाठी व्ही-जबड्याचा मायक्रोमीटर लागतो. तो नसेल तर आकडा सोडून द्या आणि फक्त तीन तुकड्यांतला आपापसातला फरक बघा.

एअर रायफलमध्ये वेगळं शिसं लागत नाही. ४.५० मि.मी. डोक्याचा मॅच पेलेट (एअर रायफलची शिशाची गोळी) ब्रीचमधून अंगठ्याने बसवा आणि सळईने संथ ढकला. बऱ्याच मॅच नळ्यांना तोंडाशी मुद्दाम चोक दिलेला असतो, म्हणजे शेवटच्या तीन-पाच सेंटिमीटरमध्ये व्यास एक-दोन शतांश मि.मी.ने कमी केलेला असतो. तिथे लागणारा आवळपणा हा दोष नाही. तो दोष समजून नळी परत करणारे लोक आहेत. चोकच्या आधी सैल-आवळ-सैल लागलं तरच शंका घ्या.

बाहेर आलेला पेलेट भिंगाखाली फिरवून बघा. स्कर्टवर (पेलेटच्या मागच्या पातळ घेरावर) खाचांच्या खुणा सर्व बाजूंनी सारख्या खोल हव्यात. एका बाजूला उभा काप गेलेला किंवा शिशाचा बारीक पापुद्रा निघालेला असेल, तर दोष बहुतेक हवा येण्याच्या भोकात असतो. पीसीपी (आधीच भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या) रायफलच्या नळीत आडवं भोक पाडून हवा आत घेतात आणि त्या भोकाची आतली कड घासायची राहून जाते. तिची बर प्रत्येक पेलेटचा थोडा थोडा लचका तोडते. स्वस्तातल्या रायफलींमध्ये हा दोष वारंवार येतो. तो वॉरंटीत दुरुस्त होऊ शकतो, त्यामुळे स्वतः पॉलिश पेपर घालून बघू नका.

पायरी पाचवी: कॅमेरा

कॅमेरा आता आत घाला, हातात शिशाच्या नोंदींची वही ठेवून. तो पृष्ठभाग कित्येक पट मोठा करून दाखवतो. म्हणून चांगली मारणारी एखादी वापरातली नळी क्लबमध्ये आधी बघून घ्या. तिच्यातही रेघा, डाग, खरखर दिसेल, आणि ते बघितल्यावर मन थाऱ्यावर येतं.

उंचवट्यांच्या माथ्यावर आडव्या, सारख्या अंतराच्या बारीक रेघा असणं नेहमीचं आहे. ड्रिल केलेलं भोक रीमरने गुळगुळीत करतात, त्या रीमरच्या या खुणा. खाचा एकेक कापून केल्या असतील, तर आडव्या रेघा माथ्यावरच राहतात आणि खाचांच्या तळाशी लांबीच्या दिशेने रेघा दिसतात. बटनने दाबून केलेल्या नळीत आडव्या रेघा तळाशीही पुसट उमटतात. शेवटी हाताने लॅप केलेल्या (घासून गुळगुळीत केलेल्या) नळीत दोन्ही जवळपास नाहीशा होतात, त्याचीच किंमत आपण देतो. या रेघांसाठी नळी परत करता येत नाही, करूही नये.

लाटांसारखे ठरावीक अंतराने येणारे पट्टे म्हणजे चॅटर, हत्यार थरथरल्याची खूण. हलका चॅटर मधल्या भागात चालून जातो. धातू फाटल्यासारखा, खवल्यांचा पट्टा दिसला तर गंभीर घ्या. बोथट हत्यार किंवा कमी पडलेलं कटिंग ऑइल हे त्याचं कारण. तिथे शिसं साचत जातं, आणि वीस-पंचवीस गोळ्यांनंतर निशाण फुटायला लागतं. असा पट्टा चेंबरच्या लगेच पुढे किंवा तोंडाजवळच्या ७५ मि.मी.त असेल तर परत. एक उंचवटा बाकीच्यांहून अरुंद किंवा त्याची कड कुरतडलेली असेल तरीही परत.

काळा ठिपका दिसला की आधी ओला पॅच फिरवा आणि पुन्हा बघा. तेलाचा थेंब, धूळ आणि गंजाचा खड्डा पडद्यावर सारखेच दिसतात. आपल्याकडच्या काळ्या मातीची उन्हाळी धूळ इतकी बारीक असते, की बंद खोलीतही ओल्या नळीत ती येऊन बसते. पुसूनही ठिपका राहिला आणि त्याच्या कडा खडबडीत असल्या, तर तो साठवणुकीतला गंज. नव्या नळीत एकही खड्डा मान्य करू नये.

स्टेनलेस नळीत लांबीच्या दिशेने केसाएवढ्या गडद, सरळ रेघा दिसू शकतात. कापायला सोपं जावं म्हणून ४१६ जातीच्या पोलादात गंधक घालतात, त्याचे कण रोलिंगमध्ये ताणले जाऊन अशा रेघा होतात. एखाद-दुसरी छोटी रेघ म्हणजे दोष नव्हे. चीर वेगळी दिसते. ती वळणं घेते, उंचवट्याच्या कडेवरून खाचेत उतरते आणि पुसून किंवा कोन बदलून नाहीशी होत नाही. अशी रेघ दिसली की तपासणी तिथेच थांबवा. त्या नळीतून एकही गोळी झाडायची नाही. नक्की करण्यासाठी चुंबकीय कणांची चाचणी असते, पण ती विक्रेत्याने किंवा उत्पादकाने करून द्यायची.

पायरी सहावी: चेंबर

चेंबर मध्यावर कापलेलं आहे का, याचं उत्तर रायफलिंग जिथे सुरू होतं तिथे मिळतं. बाजूचा आरसा लावून कॅमेरा एकाच खोलीवर ठेवा आणि नळी फिरवा. सगळे उंचवटे एकाच रेषेत सुरू झाले पाहिजेत. एका बाजूचे आधी आणि समोरचे उशिरा सुरू होत असतील, तर चेंबर एकीकडे सरकलेलं आहे. मग गोळी तिरकी होऊनच खाचांमध्ये शिरते आणि ते साफसफाईने किंवा काडतूस बदलून सुधारत नाही.

चेंबरच्या भिंतीवर एक गोल ओरखडा दिसला तर रीमरखाली कीस अडकला होता असं समजा. तो नंतर झाडलेल्या केसवर (काडतुसाच्या पितळी कवचावर) तसाच उमटतो. .२२ मध्ये हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस अडतं ती जागा यांतलं अंतर) केसच्या रिमवर, म्हणजे मागच्या कडेवर, ठरतो: १.०९ मि.मी.चा गो गेज ठेवून बोल्ट बंद व्हावा आणि १.१७ मि.मी.च्या नो-गोवर होऊ नये. गेज नसेल तर गनस्मिथकडूनच तपासून घ्या, जिवंत काडतूस घालून घरी बोल्ट चालवून बघणं हा पर्याय नाही.

पायरी सातवी: क्राउन

गोळी नळी सोडते तो शेवटचा क्षण क्राउनच्या हातात असतो. एका बाजूने वायू आधी सुटला की गोळीची शेपटी दुसरीकडे ढकलली जाते. कापसाची काडी आत घालून तिरकी बाहेर ओढा, घड्याळाच्या बारा जागांवरून. जिथे तंतू अडकतो तिथे बर आहे. मग भिंगाने प्रत्येक खाचेचं टोक बघा. ठोकर लागून चेपलेली एकच कड पुरेशी असते. सपाट क्राउन, ११ अंशांचा क्राउन आणि आत बसवलेला क्राउन, तिन्ही चांगले मारतात, प्रकारावर वेळ घालवू नका. क्राउनचा दोष गनस्मिथ नव्याने कापून दूर करू शकतो, म्हणून बाकी नळी उत्तम असेल तर परतीऐवजी विक्रेत्याच्या खर्चाने दुरुस्ती मागणं शहाणपणाचं.

ट्विस्टही, म्हणजे खाचा किती लांबीत एक फेरी घेतात तेही, याच बैठकीत मोजा. घट्ट पॅच लावून सळई थोडी आत न्या, सळईवर उभी रेघ मारा, रेघ पूर्ण फेरी घेऊन जागेवर येईपर्यंत ढकला आणि अंतर मोजा. .२२ ला ४०६ मि.मी.च्या, म्हणजे १६ इंचांच्या आसपास यायला हवं. तीनदा मोजून सरासरी घ्या. तिन्ही आकडे एकमेकांपासून लांब आले, तर पॅच घसरतो आहे.

निशाणावर

आतापर्यंत काही सापडलं नसेल तर रेंजवर चला. स्टॉकचे स्क्रू आणि साइटचे माउंट आधी आवळून बघा, कारण ‘नळी वाईट’ म्हणून आलेल्या तक्रारींत ढिला स्क्रू फार वेळा निघतो. सोलापुरात उन्हाळ्यात नऊनंतर जमिनीवरून उठणाऱ्या झळांनी निशाण नाचतं. चाचणी सूर्योदयानंतरच्या दोन तासांत उरका, मॉन्सूनचा वारा असेल त्या दिवशी करू नका.

.२२ साठी ५० मीटरवर टेकू देऊन, दहा-दहा गोळ्यांचे पाच गट, आणि किमान तीन वेगवेगळ्या लॉटची काडतुसं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्या ५० मीटरच्या निशाणावर दहाचं वर्तुळ १०.४ मि.मी.चं असतं. लक्ष्य किती लहान आहे हे त्यावरून समजावं. एका लॉटवर गट पसरला आणि दुसऱ्यावर आवळला, तर नळी निर्दोष आहे, तिला काडतूस आवडलं नाही एवढंच. तिन्हींवर पसरला आणि शिशाच्या तपासणीतही शंका होती, तर दोन पुरावे एकत्र झाले. गट पाच गोळ्यांनंतर एकाच दिशेने सरकत राहिला, तर नळीतला ताण किंवा नळीला टेकणारा स्टॉक. नळी आणि स्टॉकमध्ये कागदाची पट्टी सरकवून दुसरी शक्यता आधी काढून टाका.

एअर रायफलला १० मीटरवर हेच, ४.४९ ते ४.५१ मि.मी. डोक्याचे पेलेट आलटून पालटून. मॅच रायफलबरोबर कारखान्याचं चाचणी कार्ड आलेलं असतं, तुलना त्याच्याशी करा, मित्राच्या रायफलशी नव्हे. झाडून झाल्यावर तोंडाभोवती शिशाचा करडा तारा दिसतो. त्याच्या पाकळ्या सारख्या असल्या तर क्राउन ठीक आहे.

परत करताना

विक्रेत्याला ‘नळी खराब आहे’ असं सांगू नका. क्रमांक, बिलाची तारीख, तोंडापासून किती मि.मी.वर काय आढळलं, शिशाच्या तीन तुकड्यांची मापं, खोलीचं तापमान, कॅमेऱ्याची चित्रफीत आणि तुकडे स्वतः एका डबीत, चिठ्ठी लावून. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. .२२ ची नळी पाठवायची तर ती परवानाधारक विक्रेत्यामार्फतच जाते, साध्या कुरिअरने नाही. परत देण्याआधी नळीत तेलाचा पातळ हात मारा. तोंडाला प्लास्टिकची टोपी लावू नका, पावसाळ्यात तिच्या आत ओल धरते. कागदात सैल गुंडाळून, तोंड खाली करून ठेवा, म्हणजे जास्तीचं तेल चेंबरमध्ये उतरणार नाही.